किबेहोत किती मेले? : वंशसंहारानंतरच्या हिंसेचे वृत्तांत तपासून वापरण्याची रीत

दर एप्रिलमध्ये मध्य आफ्रिकेतल्या रवांडावर मराठीत काही ना काही लिहून येतं. १९९४च्या त्या शंभर दिवसांपुरते हे लेख बहुधा ठीक असतात, कारण तिथली मुख्य गोष्ट आता वादातीत आहे : बहुसंख्य हुतूंमधलं कट्टरपंथी सरकार, लष्कर आणि इंतराहाम्वे नावाच्या सशस्त्र टोळ्यांनी अल्पसंख्य तुत्सींचा ठरवून संहार केला आणि त्याला विरोध करणाऱ्या हुतूंनाही मारलं. गाडी घसरते ती जुलै १९९४ नंतर. काही लेख तिथेच संपतात, जणू रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट (आरपीएफ) ही तुत्सींच्या नेतृत्वाखालची बंडखोर संघटना राजधानी किगालीत शिरली आणि बंदुका गप्प झाल्या. काहींत शेवटी एक वाक्य येतं, "मग तुत्सींनीही हुतूंची कत्तल केली", आणि दोन आकडे शेजारी ठेवले जातात. लेख झाला समतोल!

दोन्ही चुकांच्या मागे सवय एकच. पहिला वृत्तांत हाती लागला की त्यातून आकडा आणि क्रियापद उचलायचं आणि सांगणारा कोण हे नंतर बघायचं, तेही जमलं तर. खाली दिलेला क्रम बरोबर याच्या उलटा आहे. उदाहरण रवांडाचंच घेतलं आहे. तिथे कागद भरपूर आहेत आणि ते कुठे कुठे फाटतात हेही ठाऊक आहे.

## तयारी : वाचायला बसण्याआधी तीन कागद

पहिला कागद, कालपट. एकाच पानावर मावेल इतका. ६ एप्रिल १९९४ : राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं. ७ एप्रिल : संहार सुरू. जून अखेर ते ऑगस्ट : नैर्ऋत्य भागात फ्रेंच सैन्याच्या 'टर्कॉइज' मोहिमेचा संरक्षित पट्टा. ४ जुलै : किगाली आरपीएफच्या ताब्यात. जुलैचा मध्य : लाखो लोक सीमा ओलांडून शेजारच्या झाइरमधल्या गोमाकडे. १९ जुलै : नवं सरकार. ८ नोव्हेंबर : संहाराच्या खटल्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा ठराव. २२ एप्रिल १९९५ : किबेहोच्या विस्थापितांच्या छावणीत गोळीबार. मार्च १९९६ : संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना परत. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९६ : झाइरमधल्या छावण्यांवर हल्ले. मे १९९७ : झाइरचं नाव काँगो लोकशाही प्रजासत्ताक. १९९७-९८ : रवांडाच्या वायव्येत बंडखोरी आणि लष्करी कारवाई. हा कागद समोर उभा चिकटवा. नंतरच्या निम्म्या चुका यानेच टळतात.

दुसरा कागद, नावांचा. २००६ साली रवांडाने प्रांत आणि जिल्हे नव्याने आखले. त्यामुळे जुन्या अहवालातलं गाव आजच्या नकाशावर त्या नावाने सापडत नाही. बुतारेचं हुये झालं, गितारामाचं मुहांगा, रुहेंगेरीचं मुसांझे, गिसेन्यीचं रुबावू, किबुयेचं कारोंगी. किबेहो पूर्वी गिकोंगोरो प्रांतात होतं, आता न्यारुगुरू जिल्ह्यात आहे. फौजेचंही तसंच. १९९४ ते २००२ या काळातल्या घटनेत रवांडाचं लष्कर म्हणजे रवांडन पेट्रिऑटिक आर्मी, अर्थात आरपीए. आरपीएफ हा पक्ष-चळवळ, आरपीए ही तिची फौज. आजच्या फौजेचं नाव १९९५च्या घटनेला चिकटवलेलं दिसलं की लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिला नाही असं खुशाल समजावं.

तिसरा कागद, रकान्यांचा. एक्सेलमध्ये करा किंवा वहीत आखा. रकाने या क्रमाने : कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, घटनेच्या वेळी तो कुठे होता, स्वतः पाहिलं किती आणि ऐकलं किती, कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी लिहिलं, मोजणी कशी केली. आकड्याचा रकाना अगदी शेवटी, उजव्या टोकाला. तो आधी भरायचा नाही. हे बालिश वाटेल, पण हाताला वळण लावायला दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

> तपासा : तुमचा प्रश्न एका वाक्यात ठिकाण आणि तारखेसह लिहिता येतो का? "वंशसंहारानंतर काय झालं" हा प्रश्न नव्हे. "एप्रिल १९९५मध्ये किबेहोची छावणी बंद करताना काय झालं" हा प्रश्न.

## टप्पा १ : कोणती हिंसा, ते आधी वेगळं काढा

'वंशसंहारानंतरची हिंसा' या एका मोळीत किमान पाच वेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात. मोळी सोडा.

एक, एप्रिल ते जुलै १९९४मध्ये आरपीएफची फौज पुढे सरकत असताना तिने केलेल्या नागरिकांच्या हत्या. या खरं तर 'नंतरच्या' नाहीतच, संहार चालू असतानाच्या आहेत. दोन, सत्ता आल्यावरच्या महिन्यांत सैनिकांनी केलेल्या आणि वैयक्तिक सुडातून झालेल्या हत्या, शिवाय संशयितांनी खचाखच भरलेल्या तुरुंगांत झालेले मृत्यू. तीन, देशातल्या विस्थापितांच्या छावण्या बंद करताना झालेली हिंसा, जिचं ठळक नाव किबेहो. चार, १९९६-९७मध्ये झाइरच्या जंगलात पळणाऱ्या हुतू निर्वासितांच्या हत्या. पाच, १९९७-९८ची वायव्येतली लढाई. तिथे संहार करून पळालेल्यांपैकीच काही जण परत येऊन वाचलेल्या तुत्सींना मारत होते आणि लष्कर बंडखोरांना शोधताना गावकऱ्यांना मारत होतं.

या पाचव्या प्रकारात मारणारे दोन्हीकडे आहेत. चौथ्यात हत्या झाली ती दुसऱ्या देशाच्या भूमीवर. पहिल्यात युद्धही चालू आहे आणि संहारही. अशा पाच गोष्टींना 'प्रतिहिंसा' हा एकच शब्द लावला की वाचकाला सगळीकडे एकच चित्र दिसतं : भाऊ मेला म्हणून पेटलेला माणूस. पण छावणीला वेढा घालायचा तर आदेश, ट्रक, वेळापत्रक लागतं. सुडाची भावना आणि लष्करी निर्णय या दोन गोष्टी आहेत. वृत्तांत कोणत्या गोष्टीचा पुरावा देतो ते बघा.

> सावधान : रवांडासाठी 'दंगल' किंवा 'टोळीयुद्ध' हे शब्द वापरू नका. आपल्याकडे दंगल म्हटलं की दोन जमाव आमनेसामने येतात. १९९४मध्ये याद्या होत्या, रस्त्यांवर नाके होते, ओळखपत्रावर वंश छापलेला होता. तसंच दोन्ही गोष्टींना 'हत्याकांड' म्हणू नका. एखाद्या ठिकाणच्या सामूहिक हत्येला हत्याकांड आणि १९९४च्या संपूर्ण प्रकाराला वंशसंहार, एवढी शिस्त पाळली तरी वाक्यं सरळ होतात.

## टप्पा २ : सांगणारा कुठे उभा होता?

इथे बहुतेक जण 'निःपक्षपाती' आणि 'पक्षपाती' असे दोन ढीग करतात. ढीग करू नका. प्रत्येक सांगणाऱ्याला काही दिसतं, काही दिसत नाही. ते त्याच्या जागेवर अवलंबून असतं.

शांतिसैनिकाला गोळीबार दिसतो, पण छावणीत आदल्या आठवड्यात कोण कोणाला धमकावत होतं ते त्याला भाषेअभावी कळत नाही. मदतसंस्थेच्या डॉक्टरला जखमा दिसतात. गोळीची जखम आणि कोयत्याची जखम तो ओळखतो, मारणाऱ्याचा हेतू त्याला सांगता येत नाही. सरकारी चौकशीला कागदपत्रं मिळतात, पण साक्षीदार घाबरून येतात. परागंदा झालेला माजी अधिकारी आतल्या गोष्टी सांगतो, मात्र तो सत्तेशी फाटल्यानंतर सांगतो आहे हे तारखेवरून दिसतं. म्हणून दुसरा रकाना, 'केव्हा सांगितलं', महत्त्वाचा. एकाच माणसाचं १९९५चं आणि २००५चं सांगणं जुळत नसेल, तर दोन्ही नोंदवा. त्यातलं आवडतं निवडू नका.

झाइरमधल्या छावण्यांतून आलेल्या साक्षींबाबत एक खास गोष्ट. तिथे पराभूत सरकारचे सैनिक आणि इंतराहाम्वे यांचीच सत्ता चालत होती. धान्यवाटपावरही त्यांचा हात होता. याच कारणाने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४मध्ये काम थांबवलं. अशा छावणीत बसून निर्वासित "परत गेलो तर मारतील" असं सांगतो, तेव्हा त्यात खरी भीती असते आणि पढवलेलं वाक्यही असू शकतं. दोन्ही एकाच तोंडातून येतात. तोडगा एकच : त्याच घटनेबद्दल छावणीबाहेरच्या, त्या माणसाला न ओळखणाऱ्या कुणाची साक्ष आहे का ते शोधायचं.

उलट बाजूही तितकीच खरी. रवांडात 'वंशसंहाराची विचारसरणी' पसरवण्याविरुद्ध २००८चा कायदा आहे, तो २०१८मध्ये सुधारून पुन्हा केला गेला. संहार नाकारणाऱ्यांना आवर घालणं हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याच्या सावलीत आरपीएच्या सैनिकाने आपला बाप मारला असं उघड बोलणं सोपं राहत नाही. म्हणून देशातल्या मुलाखतींत या विषयावर शांतता आढळली तर ती 'काही घडलं नाही' याचा पुरावा मानायची नाही.

भारताची तुकडीही त्या शांतिसेनेत होती. त्यामुळे एखाद्या निवृत्त फौजीच्या आठवणी मराठीत तुमच्या हाती येऊ शकतात. कसोटी त्यांनाही हीच लावा : तुकडी कोणत्या महिन्यात कुठे होती, आणि सांगणाऱ्याने काय पाहिलं, मेसमध्ये काय ऐकलं.

> तपासा : दोन स्रोत खरंच दोन आहेत का? वर्तमानपत्राने संस्थेचा अहवाल उचलला, पुस्तकाने वर्तमानपत्र उचललं आणि तुम्ही तिन्ही मोजले, तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे.

## टप्पा ३ : अहवालाची कुंपणं शोधा

हा टप्पा लोक सरळ ओलांडतात, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. प्रत्येक अधिकृत कागदाला कुंपण असतं : कोणता काळ, कोणती भूमी, कोणते आरोपी, पुराव्याची पातळी किती. अहवालाच्या पहिल्या पाचदहा पानांत ते लिहिलेलं असतं. निष्कर्षाच्या पानावर उडी मारण्याआधी ती पानं वाचा.

टांझानियातल्या आरुशाचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण. अधिकारकाळ १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९९४, बस. रवांडाने स्वतः असं न्यायाधिकरण मागितलं होतं, पण ठरावाच्या मतदानात विरोधी मत दिलं. हा अपुरा काळ आणि फाशीची तरतूद नसणं हे दोन्ही त्याच्या आक्षेपांत होतं. न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले, त्यात आरपीएफचा एकही नाही. आता नीट वाचा : किबेहो १९९५चं, म्हणजे न्यायाधिकरणाला ते बघताच येत नव्हतं. पण जून १९९४मध्ये कबगायी इथे आरपीएफच्या सैनिकांनी बिशप आणि इतरांना मारलं ते अधिकारकाळात बसत होतं. तरी ते प्रकरण २००८मध्ये रवांडाच्या लष्करी न्यायालयाकडे सोपवलं गेलं, आणि तिथे दोन अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. पहिली शांतता 'बघता येत नव्हतं' अशी, दुसरी 'बघितलं नाही' अशी. "न्यायाधिकरणाने आरपीएफला दोषी ठरवलं नाही" या एका वाक्यात दोन्ही कोंबल्या की वाचक फसतो.

गचाचा न्यायालयं. गावपातळीवरची, सुमारे १२,००० न्यायालयं. २००५पासून देशभर चालली, २०१२मध्ये बंद झाली. निकाली काढलेली प्रकरणं १९ लाखांहून अधिक. आरपीएफच्या सैनिकांचे गुन्हे त्यांच्यापुढे आले नाहीत. शिवाय कबुली देणाऱ्याला शिक्षेत सूट होती आणि कबुलीत साथीदारांची नावं सांगावी लागत. त्यामुळे तिथल्या कबुलीजबाबातून 'मी काय केलं' हा भाग घेताना एक काळजी, आणि 'माझ्याबरोबर कोण होतं' हा भाग घेताना दुप्पट काळजी.

गेरसोनी यांची पाहणी. रॉबर्ट गेरसोनी यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने ऑगस्ट १९९४च्या सुमारास पाठवलं ते निर्वासित परत कसे आणता येतील हे बघायला. त्यांच्या पथकाने देशातल्या १४५पैकी ४१ कम्यूनमधली (कम्यून म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभाग) ९१ ठिकाणं पाहिली, बाहेरच्या नऊ छावण्याही पाहिल्या, सुमारे ३०० मुलाखती घेतल्या. ऐकलं ते भलतंच : आरपीएफकडून होणाऱ्या हत्या. अहवाल कधी प्रसिद्ध झाला नाही. त्यातला अंदाज, एप्रिल ते ऑगस्टमध्ये २५,००० ते ४५,००० बळी, आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेच्या १९९९च्या अहवालातून.

तीन गोष्टी लगेच वहीत लिहा. आकडा मुलाखतींवरून काढलेला अंदाज आहे, मृतदेहांची मोजणी नाही. काळ ऑगस्टला संपतो, म्हणजे 'वंशसंहारानंतर एवढे मेले' असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि पाहणी करायला गेलेला माणूस हे शोधायला गेला नव्हता. ही तिसरी गोष्ट त्याच्या बाजूने जाते. ठरवलेल्या निष्कर्षाच्या शोधात निघालेल्यापेक्षा अनपेक्षित काही सापडलेल्यावर मी थोडा जास्त विश्वास ठेवतो. थोडाच.

काँगोचा मॅपिंग अहवाल. काँगोतल्या गंभीर हिंसेच्या घटनांची ही नोंद संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रसिद्ध केली. काळ १९९३ ते २००३, भूमी फक्त काँगोची. ६१७ घटना, १,२८०हून अधिक साक्षीदार. पुराव्याची पातळी न्यायालयातली नव्हे, 'वाजवी संशया'ची. मसुदा ऑगस्टमध्येच फुटला आणि रवांडाने सुदानमधून आपले शांतिसैनिक काढून घेण्याची धमकी दिली. अंतिम प्रतीसोबत संबंधित देशांची उत्तरंही छापली गेली. ती कोणी वाचत नाही. वाचा. आक्षेप नेमका कोणत्या घटनेवर आहे आणि कोणत्या घटनेला उत्तरच नाही, हे तिथे कळतं.

> सावधान : फुटलेला मसुदा आणि अंतिम प्रत यांची सरमिसळ करू नका. मराठी-इंग्रजी बातम्यांत आजही मसुद्यातलं वाक्य अंतिम अहवालाच्या नावाने फिरतं.

## टप्पा ४ : आता आकड्याकडे या (किबेहोचा नमुना)

किबेहो ही विस्थापितांची छावणी होती, पूर्वीच्या फ्रेंच पट्ट्यातली. देशातली शेवटची मोठी छावणी म्हणता येईल. सरकारचं म्हणणं, इथे संहार करणारे लपलेत आणि छावणी बंद झालीच पाहिजे. पहिला भाग निराधार नव्हता. पण छावणीत बायका, मुलं, म्हातारी माणसंही मोठ्या संख्येने होती. १८ एप्रिल १९९५च्या सुमारास सैनिकांनी वेढा घातला. हजारो लोक एका टेकडीच्या माथ्यावर दाटीवाटीने ढकलले गेले. अन्नपाण्याचे हाल, वर पाऊस. २२ तारखेला सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. चेंगराचेंगरीत माणसं गेली, आणि छावणीतल्याच काही कट्टर लोकांनी कोयत्याने वार केल्याच्याही नोंदी आहेत. शांतिसेनेतले झांबियाचे सैनिक आणि सुमारे तीस जणांचं ऑस्ट्रेलियन वैद्यकीय पथक हे सगळं बघत होतं. त्यांना बळ वापरायची मुभा जवळपास नव्हती.

आकडे :

३३८ हा सरकारने सांगितलेला आकडा.

सुमारे ४,००० ही ऑस्ट्रेलियन पथकाची मोजणी. त्यांनी दुसऱ्या दिवशी छावणीतून चालत प्रेतं मोजली. मोजणी पूर्ण झाली नाही, आरपीएच्या सैनिकांनी ती थांबवली.

सुमारे २,००० हा संयुक्त राष्ट्रांकडून नंतर सांगितला गेलेला अंदाज.

पुढे आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग बसला. त्याने नेमका आकडा ठरवला नाही. त्याचा निष्कर्ष असा की ही एखाद्या गटाला मारण्यासाठी अधिकाऱ्यांनी आधी आखलेली कृती नव्हती, आणि टाळताच न येणारा अपघातही नव्हता.

आता नवखा लेखक काय करतो? सरासरी काढतो. किंवा '३३८ ते ४,०००' असं लिहून मोकळा होतो. दोन्ही चूक, कारण ही एकाच मापाची टोकं नाहीत. पहिला आकडा ज्या पक्षाने गोळीबार केला त्याचाच आहे. दुसरा डोळ्यांनी मोजलेला, अर्धवट आणि म्हणून किमान आहे. रात्रीतून काही प्रेतं हलवली-पुरली गेल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता, तोही त्याला वरच्या बाजूलाच ढकलतो. पण त्या मोजणीत गोळीने मेलेला, तुडवला गेलेला आणि कोयत्याने मेलेला वेगळा काढलेला नाही. त्यामुळे 'सैनिकांनी ४,००० जणांना गोळ्या घातल्या' हेही त्यातून निघत नाही. आयोगाचं वाक्य आकड्याबद्दल नाहीच, ते हेतूबद्दल आहे. ते आकड्याच्या वादात ओढू नका.

मोजणाऱ्याला आकड्याची गरज काय होती, हेही इथेच विचारायचं. नोव्हेंबर १९९६मध्ये सहा लाखांच्या आसपास निर्वासित झाइरमधून एकाएकी परत आले. मागे जंगलात किती उरले यावर प्रचंड वाद झाला, कारण बहुराष्ट्रीय फौज पाठवायची की नाही ते त्या संख्येवर ठरणार होतं. 'फारसे उरलेच नाहीत' हा हिशेब ज्यांना फौज नको होती त्यांच्या सोयीचा ठरला. सोयीचा म्हणजे लगेच खोटा नव्हे, पण रकान्यात ही नोंद हवीच.

१९९४च्या बळींचा आकडाही याच पद्धतीने वापरा. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत सुमारे ८ लाख, ह्यूमन राइट्स वॉचकडे किमान ५ लाख, रवांडा सरकारकडे १० लाखांहून अधिक. कोणी कोणाला धरलं आणि किती महिने धरले यावर हे फरक पडतात. एक निवडा, कोणाचा ते लिहा आणि लेखभर तोच ठेवा.

> तपासा : तुमच्या प्रत्येक आकड्यापुढे 'कोणी मोजले' आणि 'कसे मोजले' ही दोन उत्तरं आहेत का? दुसरं उत्तर नसेल तर 'असा अंदाज आहे' एवढंच लिहा.

## टप्पा ५ : क्रियापदं दुरुस्त करा

आता तुमचा मसुदा घ्या. मराठी बातमीची एक जुनी खोड आहे, माणसं 'मृत्युमुखी पडतात'. कोणी ढकलल्याशिवायच. हे वाक्य बघा :

"किबेहोत झालेल्या चकमकीत ३३८ ते ४,००० निर्वासित मृत्युमुखी पडले."

एका ओळीत चार चुका. चकमक म्हणजे दोन्हीकडून गोळीबार. इथे जमाव बहुतांश निःशस्त्र होता. आकड्यांचं वर सांगितलंच. निर्वासित म्हणजे सीमा ओलांडलेले, हे तर देशातच विस्थापित होते, आणि त्यामुळे त्यांच्या रक्षणाची पहिली जबाबदारी त्याच सरकारची होती. आणि मारणारा गायब. असं लिहा :

"२२ एप्रिल १९९५ रोजी किबेहोच्या विस्थापितांच्या छावणीत आरपीएच्या सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. काही जण चेंगराचेंगरीत आणि छावणीतल्याच लोकांच्या कोयत्यांनीही मेले. सरकारने मृतांची संख्या ३३८ सांगितली. ऑस्ट्रेलियन वैद्यकीय पथकाची मोजणी सैनिकांनी थांबवली तेव्हा ती सुमारे ४,००० झाली होती."

लांब झालं, हो. चालेल.

दुसरी खोड, वंशालाच कर्ता करायचं. 'हुतूंनी मारलं', 'तुत्सींनी सूड घेतला'. मारणाऱ्याचं नाव त्याच्या हुद्द्याने किंवा संघटनेने घ्या : इंतराहाम्वे, पूर्वीचं लष्कर, आरपीएचे सैनिक, अमुक गावचा महापौर. संहारात शेजाऱ्यांना लपवणारे हुतू होते. आरपीएफमध्ये हुतू होते, १९९४मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले आणि किबेहोला जाऊन ३३८चा आकडा उचलून धरणारे पाश्चर बिझिमुंगू स्वतः हुतू. 'तुत्सींनी' असं लिहिताच हे सगळं पुसलं जातं.

तिसरी, अटी गाळणं. मॅपिंग अहवाल म्हणतो की काँगोतले काही हल्ले सक्षम न्यायालयासमोर सिद्ध झाल्यास वंशसंहार ठरू शकतील, आणि त्याच ठिकाणी त्याविरुद्ध जाणारे मुद्देही नोंदवतो, उदाहरणार्थ लाखो हुतूंना सुखरूप परत जाऊ दिलं होतं. मराठीत येईपर्यंत उरतं ते "संयुक्त राष्ट्र म्हणतात, काँगोत हुतूंचा वंशसंहार झाला". 'सिद्ध झाल्यास' आणि 'ठरू शकतील' हे दोन्ही शब्द लाल पेनाने अधोरेखित करून मगच भाषांतराला बसा.

## टप्पा ६ : संदर्भ किती आणि कुठे

किबेहोच्याच चर्चमध्ये एप्रिल १९९४मध्ये आश्रयाला आलेले हजारो तुत्सी मारले गेले होते. वर्षभराने त्याच गावात छावणीवर गोळीबार. हे दोन्ही एका लेखात यायलाच हवं. प्रश्न जागेचा आहे.

चर्चमधला संहार गोळीबाराच्या वाक्यानंतर, 'अर्थात' किंवा 'हेही विसरता येत नाही की' लावून आला, तर तो सबब बनतो. आधी, आपल्या तारखेसकट स्वतंत्र परिच्छेदात आला, तर वाचकाला सैनिक कुठल्या देशात चालत होते ते कळतं आणि गोळीबाराची जबाबदारीही सैलावत नाही. मसुद्यातले 'पण', 'तरी', 'अर्थात', 'दुसरीकडे' शोधा. जिथे दोन हिंसांच्या मध्ये हे शब्द आहेत तिथे जोडणीच चुकलेली असते. तोडा, दोन वाक्यं करा.

याउलट टोक म्हणजे 'दुहेरी वंशसंहारा'ची मांडणी : दोन्हीकडून सारखंच झालं, हिशेब फिटला. १९९४चा संहार नाकारणाऱ्यांचं हे आवडतं हत्यार आहे, आणि आरपीएच्या गुन्ह्यांची खरी कागदपत्रं त्यासाठी सर्रास वापरली जातात. म्हणून कागद खरा आहे एवढ्यावर थांबू नका, तो तुमच्यापर्यंत कोणाच्या हातून आला आणि कोणत्या शीर्षकाखाली आला ते बघा. त्यातली माहिती घ्या, मांडणी नको. मात्र गैरवापराच्या भीतीने ते गुन्हे लिहायचेच नाहीत हा मार्गही बंद. किबेहोत मेलेल्या पोराने कोणाचाही संहार केला नव्हता.

आपल्याकडचा वाचक मनात फाळणी आणतो. आणू द्या. तुम्ही तुलना करू नका, तुलनेला लागणारी तपासणी वेगळी आहे आणि ती या लेखात मावणार नाही.

> तपासा : लेखातला १९९४चा परिच्छेद झाकून १९९५चा वाचा. गोळीबार कोणी केला ते कळतं का? मग १९९५चा झाकून १९९४चा वाचा. संहाराबद्दल कुठे शंका डोकावते का?

## टप्पा ७ : फोटो, सर्वांत शेवटी आणि सर्वांत कडक

मजकूर नीट झाल्यावर घाईने फोटो लावला जातो आणि सगळं पाण्यात जातं. कापडात गुंडाळलेल्या प्रेतांच्या रांगा, बुलडोझर, मागे काळा लाव्हाचा दगड : हे फोटो बहुतेक वेळा जुलै-ऑगस्ट १९९४मधल्या गोमाचे असतात. तिथे कॉलरा आणि हगवणीने सुमारे ५०,००० निर्वासित मेले. ते बहुतांश हुतू होते आणि हे संहार संपल्यानंतर घडलं. हे फोटो 'तुत्सींचा वंशसंहार' या ओळीखाली सर्रास छापले जातात. म्हणजे एका हिंसेचे बळी दाखवायला दुसऱ्याच कारणाने मेलेल्यांची प्रेतं.

फोटोसंस्थेच्या मूळ नोंदीत ठिकाण, देश आणि दिवस बघा. ठिकाण गोमा किंवा देश झाइर असेल तर तो संहाराचा फोटो नाही. किबेहोच्या फोटोत निळ्या टोप्यांचे शांतिसैनिक दिसले तर वर्ष १९९५ असण्याची शक्यता मोठी, पण नोंद पाहिल्याशिवाय ओळ लिहू नका. चेहरा ओळखू येईल असा वाचलेल्या माणसाचा फोटो असेल तर तो आज कुठे राहतो आणि काय बोलू शकतो याचा विचार करा, आणि साक्षीतलं खासगी माणसाचं नाव मूळ अहवालात असलं तरी मराठीत पुन्हा छापू नका. मूळ नोंद मिळत नसेल तर नकाशा लावा, जुनी आणि नवी दोन्ही नावं टाकून.